सोन्याला मर्यादा आहे, पत्रांना नाही



सोन्याचा एक हिशेब आपल्यातल्या बहुतेक जणींना तोंडपाठ असतो. लग्न झालेली बाई ५०० ग्रॅम, बिनलग्नाची मुलगी २५०, पुरुष १००. आयकर खात्याची धाड पडली तरी एवढे दागिने जप्त करू नयेत, अशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची सूचना आहे. दिल्लीत बसून कुणीतरी एवढा विचार केला होता की घरातलं सोनं म्हणजे सगळंच काळं धन नसतं. त्यात आईनं घातलेल्या पाटल्या असतात, सासूबाईंनी दिलेलं गंठण असतं. धाड घालणाऱ्यालाही कुठंतरी थांबायला सांगणारी ती रेघ आहे.

मग माझा प्रश्न असा, की आपल्या ई-मेलमधलं किती सोडणार?

नव्या आयकर कायद्यावर आपल्या घरांत जी चर्चा झाली ती सगळी स्लॅब आणि रिबेटवर. कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यातल्या कलम २४७ वर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. जुन्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम १३२ चा, म्हणजे झडतीच्या कलमाचा, हा नवा अवतार. घर, दुकान, गोदाम, लॉकर यांच्या रांगेत आता ‘व्हर्च्युअल डिजिटल स्पेस’ येऊन बसली आहे. व्याख्या वाचली तर तिच्यात ई-मेल सर्व्हर, सोशल मीडियाचं खातं, बँकेचं आणि शेअर्सचं ऑनलाइन खातं, क्लाउडवर ठेवलेलं सगळं येतं. किल्ली नसेल तर कुलूप तोडायचं, तसं पासवर्ड मिळाला नाही तर तो ओलांडून आत शिरायचं.

आधी एक खोटं बाजूला करते. ‘आता अधिकारी सगळ्यांचे मेल वाचणार’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, तो पुढे ढकलू नका. हा अधिकार झडती आणि तपासणीच्या कारवाईपुरता आहे, रोजच्या रिटर्नच्या छाननीसाठी नाही, असं सरकारनं सांगितलंय. संगणकातल्या नोंदी उघडून दाखवण्याची सक्तीही काही आजची नाही, जुन्या कायद्यात ती २००२ पासून होती. अर्थमंत्र्यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं, की मोबाइलवरच्या कूट संदेशांमधून २५० कोटींचा बेहिशेबी पैसा सापडला. सापडला असेल, चांगलंच झालं. कर चुकवणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आपण पाठशाळेत शिकलोय. कच्च्या पावतीवर व्यवहार करून वर पूजेला बसणाऱ्यांचं कौतुक मला कधीच नव्हतं.

पण ‘आपल्याला काय लपवायचंय, मग भ्यायचं कशाला?’ हे जे आपल्यातल्या वहिनी, काकू सहज म्हणून जातात, त्याच्याशी माझं भांडण आहे.

लपवायचं काही नसतं तेव्हाही आपण न्हाणीघराला कडी लावतोच ना? माझ्या मेलमध्ये काय आहे ते मी काल बसून पाहिलं. मॅमोग्राफीचा रिपोर्ट. भाचीच्या स्थळांचे बायोडेटा, नकारांसकट. भावांच्या वाटणीवरून दोन वर्षं चाललेला पत्रव्यवहार. सासरी पटेना म्हणून मुलीनं रात्री दीड वाजता लिहिलेलं पानभर. यातल्या एकाही ओळीवर एक रुपया कर लागत नाही, आणि यातली एकही ओळ मला परक्यानं वाचलेली चालणार नाही. शिवाय हे सगळं माझं एकटीचं कुठंय? लिहिणारी मुलगी आहे, भाची आहे, भावजय आहे. धाड माझ्या नवऱ्याच्या पेढीवर, आणि वाचली जाणार दुसऱ्या घरात नांदणारी मुलगी.

आणि आपल्या घरांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मेलचं खातं एकच. मुलानं कधीतरी पेढीसाठी उघडलेलं, त्यावरच जीएसटीच्या नोटिसा, त्यावरच लाइटबिल, त्यावरच सुनेच्या डॉक्टरांचे कागद. व्यापाराची वही आणि घरातलं बोलणं पूर्वी वेगवेगळ्या खोल्यांत असायचं. आता दोन्ही एकाच पासवर्डमागे आहे. कपाट उघडलं तर आज आत आहे तेवढंच दिसतं. मेल उघडला तर पंधरा वर्षं दिसतात, आपण स्वतः विसरून गेलेली.

झडतीच्या आजवरच्या नियमांत बाईचा विचार होता. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, मर्यादा पाळून. जी बाई रिवाजाप्रमाणे चारचौघांत येत नाही तिच्या खोलीत शिरण्याआधी तिला बाहेर जाण्याची मुभा द्यायची. सोबत परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत. अंगावरच्या साडीची एवढी बूज राखणाऱ्या कायद्याला, तिनं लिहिलेलं कुणी वाचायचं, हा प्रश्नच पडला नाही.

आता कायद्याच्या खोल पाण्यात थोडं उतरूया. बी.कॉम.ला कंपनी कायदा शिकले, घटना नाही, पण निकाल काही इतके अवघड नसतात. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनी झडतीच्या बाबतीत खाजगीपणाचा हक्क मानला नव्हता. पुढे आधारच्या विरोधात कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कोर्टात गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवं, आणि हात कारणापुरताच घालायला हवा.

ही तिसरी अट कलम २४७ ला लावून बघा. कायदा आहे. कारणही आहे, कर बुडू नये हे रास्तच. पण कारणापुरतंच म्हणजे किती, हे कोण ठरवतं? झडतीचा हुकूम खात्याचाच वरिष्ठ अधिकारी काढतो, न्यायाधीशाची सही लागत नाही. संशयाचं कारण कागदावर लिहावं लागतं, पण ते तुम्हाला दाखवायचं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं तर ते अपिलीय न्यायाधिकरणालाही दाखवायला नको केलं, तेही १९६२ पासून मागे लागू करून. हायकोर्ट ती फाइल मागवू शकतं, खरं आहे. जिल्ह्याच्या गावातली किती दुकानदारांची कुटुंबं हायकोर्टाची पायरी चढतात? त्यात १९७३ च्या पूरणमल खटल्यापासून असंही आहे, की झडती बेकायदा ठरली तरी तिच्यात सापडलेला पुरावा वापरता येतो. म्हणजे दार चुकीनं तोडलं तरी आतलं त्यांचं.

फोनच्या बाबतीत याहून बरी व्यवस्था आहे, हे वाचून मला नवल वाटलं. फोन ऐकायचा तर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून गृहसचिवाचा हुकूम लागतो आणि तो समितीपुढे ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टानं लाचेच्या एका प्रकरणातले असे हुकूम रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. कारण सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आहे असं काहीच दाखवता आलं नाही. त्या निकालाची मला फार किंमत वाटते. समोर आरोप लाचेचा होता, तरी कोर्ट म्हणालं की नियम म्हणजे नियम.

आणि हा विषय एका पक्षाचा करू नका. १९८६ साली राजीव गांधींच्या सरकारनं टपालातली पत्रं उघडण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं होतं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. माझ्या वयाच्या बायकांना ते दिवस आठवत असतील, माहेरची निळी अंतर्देशीय पत्रं यायची तेव्हाचे. त्या पत्राची कड सासऱ्यांनी आधी फोडली असेल तर दिवसभर घास उतरायचा नाही.

मला काय हवंय ते तीन वाक्यांत लिहून मी आमच्या खासदारांना पाठवलंय. मेलमध्ये शिरण्याआधी न्यायाधीशाची परवानगी असावी. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या व्यवहाराच्या काळापुरतेच मेल घ्यावेत, घरच्या इतरांचे नाहीत. प्रकरणाशी संबंध नसलेलं सगळं ठरावीक मुदतीत पुसून टाकावं आणि पुसल्याचं लेखी द्यावं. तुम्हीही पाठवा, मराठीत पाठवलं तरी चालतं.

तोवर घरापुरतं करण्यासारखं एक काम आहे. या रविवारी मुलांना बसवून तुमचं मेलचं खातं पेढीच्या खात्यापासून वेगळं करून घ्या. आणि कधी वेळ आलीच, तर पंचनाम्यात कोणत्या कोणत्या खात्यांची प्रत घेतली हे नावानिशी लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. तो कागद वकिलाला सगळ्यात आधी लागतो.