हसवणाऱ्याची आठवण हसूनच काढावी

आपल्याकडे माणूस गेला रे गेला की आधी त्याला गंभीर करून टाकतात. जिवंतपणी कितीही वात्रट असो, गेल्यावर तो एकदम 'मनमिळाऊ', 'कष्टाळू' आणि 'सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारा' होतो. फोटोसुद्धा नेमका पासपोर्टचा निवडतात, ज्यात तो आयुष्यात कधी दिसला नाही तसा दिसतो.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातला एक जण गेला. नाव लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेलच. शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रूपवर दिवसभरात चाळीसेक 'भावपूर्ण श्रद्धांजली' आल्या. सगळ्या मनापासूनच असणार. पण त्या वाचून तो कोण होता हे परक्या माणसाला अजिबात कळलं नसतं.

तर तो कोण होता, ते सांगतो.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली. आठवीत सहामाहीला भूगोलात प्रश्न आला, 'कारणे द्या : सह्याद्रीच्या पूर्वेकडे पाऊस कमी पडतो.' याने लिहिलं, 'ढगांना घाटात गाडी लागते. त्यामुळे ते पोटातलं सगळं अलीकडेच ओकतात.' बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, स्वतःच हसल्या आणि अर्धा गुण दिला. आता तुम्हीच सांगा, उत्तर चूक आहे का हो? बाष्पाने भरलेले वारे डोंगर चढताना थंड होतात, पाणी इकडेच सांडतं आणि पलीकडे पर्जन्यछाया. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, घाट उतरून पुढे गेलं की जेमतेम ५००-६००. वर्गातल्या सगळ्यांना हे अजून पाठ आहे, ते पुस्तकामुळे नव्हे.

हजेरीला तो गैरहजर पोरांच्या आवाजात 'हजर' म्हणायचा. एकदा या गडबडीत स्वतःचा नंबर आला तेव्हा गप्प राहिला. सरांनी गैरहजेरी मांडली. "सर, मी आहे की!" "आता मांडली. खाडाखोड चालत नाही." हा शांतपणे दप्तर भरायला लागला. "मग मी इथे बसणं बरं नाही, सर. घरी जातो."

१९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' आला, तेव्हा तर ऑफ तासाला हा एकटाच सगळ्या भूमिका करायचा.

पण तो नुसता टवाळ नव्हता. मी लहानपणी अडखळत बोलायचो. 'प' आला की गाडी रुतलीच. मराठीच्या तासाला धडा मोठ्याने वाचायची पाळी आली की माझ्या पोटात गोळा यायचा आणि वर्गात खसखस पिकायची. एक दिवस अशीच पिकली. माझ्यानंतर याची पाळी होती. तोच धडा याने आकाशवाणीवरच्या बातम्यांच्या सुरात वाचला, मधे 'ठळक बातम्या पुन्हा एकदा' वगैरे घालून. तास संपेपर्यंत वर्ग त्यालाच हसत होता. सरांनी हातावर दोन पट्ट्या दिल्या. मधल्या सुट्टीत हात चोळत म्हणाला, "तुझ्यापेक्षा जास्त हसले की नाही मला?" यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तेराव्याला आम्ही सात-आठ जण त्याच्या घरी गेलो. सगळे खाली मान घालून बसलेले. मग एकाने हळूच ढगांची गोष्ट काढली. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग रडल्या. एक वडीलधारे काका आमच्याकडे बघत राहिले. कॉलेजात जाणारी त्याची मुलगी मात्र जवळ येऊन बसली. "बाबा असे होते?" तिने पाहिलेले बाबा म्हणजे नोकरी, हप्ते आणि शेवटची दोन वर्षं आजारपण. मग म्हणाली, "काका, अजून सांगा ना."

दुःखाच्या घरी हसणं बरं दिसत नाही, असं काही जण म्हणतील. पहिल्या दिवशी नसेलही दिसत. पण बऱ्याच घरांत तेराव्याला गोडाचं जेवण करतात, ते कशासाठी? घर पुन्हा चालू व्हावं म्हणूनच ना? मग पानात गोड चालतं आणि तोंडात एक गोड आठवण चालत नाही, हे काही मला पटत नाही. पु.लं.चा रत्नागिरीचा अंतू बर्वा आठवा. तो हसवत हसवतच आत रुततो. ज्या 'व्यक्ती आणि वल्ली'त तो आहे, त्याला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हसवणाऱ्या माणसांबद्दल हसतं लिहिलं म्हणून त्यांचा मान कमी झाला नाही.

माणसाचं बालपण त्याच्या बायको-मुलांकडे नसतं. आई-वडील गेले की ते फक्त बाकावर शेजारी बसलेल्यांकडे उरतं. आपण सांगितलं नाही तर ते आपल्याबरोबरच जाणार. तुमच्याही वर्गात असा एक असेलच. तो असेल तर आजच फोन लावा. नसेल तर त्याच्या मुलांना लावा. श्रद्धांजली वगैरे राहू दे, एक धमाल किस्सा सांगा.