आडवी सायकल, सरळ हिशोब

वर्कशॉपमागच्या शेडमधली तीनचाकी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेलच. पाठ टेकून, पाय पुढे ताणून चालवायची सायकल. पुढे दोन चाकं, मागे एक. पुस्तकात तिला रिकम्बंट म्हणतात, हॉस्टेलवर तिचं नाव ‘आरामखुर्ची’! सिनियर्सनी स्पर्धेसाठी बनवलेली ही गाडी आता आमच्या बॅचकडे आली आहे. ती ‘स्पोर्टी’ करायची यावर टीमचं एकमत आहे. पण स्पोर्टी म्हणजे नक्की काय, यावर मेसमध्ये रोज रात्री भांडण ठरलेलं.

बहुमताची यादी अशी आहे. सीट जमिनीपासून ४२ सेंटिमीटरवर आहे, ती २२ वर आणायची. मडगार्ड, आरसा, कॅरिअर काढून वजन कमी करायचं. मागचं सगळ्यात छोटं चक्र १४ दात्यांचं आहे, तिथे ११ दात्यांचं बसवायचं. मग काय, दिसायला रेसिंग कार आणि पळायला नाद खुळा!

माझं मत या यादीच्या विरुद्ध आहे. म्हणजे वेग मला नको आहे असं नाही, हवाच आहे. पण या यादीतून वेग फारसा मिळत नाही, आणि जो काही मिळतो त्याची किंमत वारणानगरच्या रस्त्यावर परवडणारी नाही. टीम मीटिंगमध्ये बोलायला दोन मिनिटं मिळतात. हिशोब दोन मिनिटांत मांडता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास. शार्ल मोशे नावाचा एक फ्रेंच माणूस होता. त्याच्या मुलाला सायकल हवी होती, पण आईला सायकल धोक्याची वाटायची. म्हणून मोशेने मुलासाठी पेडलवर चालणारी चारचाकी गाडी बनवली. त्यातूनच पुढे त्याची ‘वेलोकार’ आणि मग दोन चाकांची आडवी सायकल आली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या रेसरने त्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून उभा होता, तो मोडला. आणि हा फोर काही पहिल्या फळीतला रेसर नव्हता. मोठमोठे लोक हादरले. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल शर्यतीतून बाहेर गेली. आपण ही गोष्ट ‘बघा, एवढी फास्ट होती की बंदी घातली’ अशी सांगतो. पण तिची सुरुवात आपण विसरतो. जगातली एक अतिशय वेगवान सायकल एका आईच्या काळजीतून जन्माला आली होती.

दुसरं उदाहरण आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फिरतं. २०१६ साली टॉड रायकर्टने ‘ईटा’ नावाच्या आडव्या सायकलवर ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. मोटर नाही, फक्त पाय! सीट किती खाली आहे बघा, असं म्हणून तो फोटो मला दाखवला जातो. पण बाकीचं पण बघा ना. ती गाडी पूर्ण बंद कवचात आहे. आतल्या माणसाला बाहेरचं थेट दिसत नाही, तो कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघून चालवतो. सुरू करताना आणि थांबताना गाडी धरायला माणसं लागतात. आणि रस्ता म्हणजे अमेरिकेतल्या नेवाडाचा सरळसोट हायवे, तोही त्या वेळेपुरता बंद केलेला. तिथे समोरून ट्रॅक्टर येत नाही.

आता आपल्या गाडीचा हिशोब. गाडी ३० किलो आणि चालवणारा ६० किलो, एकूण ९०. ड्रॅग कोएफिशंट आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.३५ चौरस मीटर धरला. हवेची घनता १.१ धरली. टायर जाड खाचांचे आणि हवा कायम कमी, म्हणून रोलिंग रेझिस्टन्सचा आकडा ०.०१ धरला. सपाट रस्ता, वारा नाही. हे मी धरलेले आकडे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. ताशी २५ किलोमीटरला हवेसाठी ६४ वॅट लागतात आणि टायरसाठी ६१. म्हणजे आपण ज्या वेगात प्रत्यक्ष चालवतो, तिथे हवा आणि टायर जवळजवळ सारखेच खातात! एकूण १२५ वॅट. रोजचा सराव नसलेल्या धडधाकट विद्यार्थ्याला बराच वेळ टिकवता येईल अशी ताकद साधारण एवढीच, १०० ते १५० वॅट.

या आकड्यांवर यादी तपासू. पहिलं, ११ दात्यांचं चक्र. पुढे ४८ दाते, मागे १४, चाक २६ इंची. मिनिटाला ८० वेळा पेडल फिरवलं तर आत्ताच गाडी ताशी ३४ ला जाते. पण ३४ टिकवायला लागतात जवळजवळ २४५ वॅट. आहेत कोणाकडे? ११ दात्यांवर तोच आकडा ४३ होतो, फक्त कागदावर. उलट आडव्या सायकलवर चढाला पेडलवर उभं राहता येत नाही, म्हणून पन्हाळ्याकडे किंवा जोतिबाकडे जायचं असेल तर आपल्याला मोठं नाही, हलकं गिअर लागतं.

दुसरं, वजन. मडगार्ड, आरसा, कॅरिअर मिळून दोन किलो काढले असं धरा. ९० मधले दोन गेले, ताशी २५ ला वाचले जेमतेम दीड वॅट. त्यासाठी पावसाळ्यात पाठीवर चिखल आणि मागचं दिसणं बंद. वा रे व्यवहार!

तिसरं, सीट. नुसती सीट खाली नेल्याने समोरून दिसणारं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, माणूस तेवढाच राहतो. फायदा होतो तो पाठ जास्त कलती केल्याने. त्याने ०.३५ चं ०.३० झालं असं धरलं तर ताशी २५ ला ९ वॅट वाचतात. आणि पाठ कलती करायला सीट २० सेंटिमीटर खाली न्यायची गरजच नाही.

आता टायर बघा. खाचांचे टायर काढून गुळगुळीत, जास्त हवा घेणारे टायर बसवले आणि ०.०१ चं ०.००६ झालं, तर २४ वॅट वाचतात. त्याच १२५ वॅटमध्ये गाडी २५ वरून २७ च्या पुढे जाते. सीट नाही, वेल्डिंग नाही, फक्त टायर आणि पंप! पुढची दोन्ही चाकं एकमेकांना समांतर नसतील तर टायर सतत घासत जातो, म्हणून टेप घेऊन रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजायचं. आणि आपली लांबलचक चेन जिथे नुसत्या पाइपला घासत जाते, तिथे बेअरिंगवाली पुली लावायची. पण ही कामं फोटोत दिसत नाहीत. खरी अडचण तीच आहे.

सीट खाली न्यायचा एक फायदा मात्र खरा आहे, तो लपवणार नाही. तीनचाकी वळणावर उलटते. आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये ८० सेंटिमीटर अंतर आहे. माझ्या अंदाजाने सीट वर असताना १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ती साधारण ताशी २५ ला उलटायला लागेल, आणि सीट २२ वर असताना ३१ ला. फरक मोठा आहे. बंद ट्रॅकवर मी पण खालचीच सीट घेईन. पण १० मीटरचं वळण म्हणजे आपल्याकडे कुठलं? कॉलेजचं गेट, नाहीतर गावातला चौक. तिथे ३० ने वळणाऱ्याला स्पोर्टी म्हणायचं की आणखी काही, हे तुम्हीच ठरवा.

आणि आता मुख्य मुद्दा. सिव्हिलवाल्यांना विचारा. रस्ता डिझाइन करताना ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर आहे असं धरतात. समोरचं किती लांबून दिसेल, ओव्हरटेक कुठे करता येईल, हे सगळं त्यावर ठरतं. ४२ च्या सीटवर माझा डोळा साधारण एक मीटरवर येतो. २२ वर नेली तर ८० सेंटिमीटरवर. म्हणजे ज्या डोळ्यासाठी रस्ता बनवला, त्याच्या दोन तृतीयांश उंचीवरून आपण बघणार.

त्यात आपला रस्ता! वाठारपासून पारगाव, वारणानगर आणि पुढे कोडोली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या, अधेमधे बैलगाड्या. हंगामात ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर लावायची मोहीम का काढावी लागते? कारण एवढी अवाढव्य ट्रॉलीसुद्धा रात्री दिसत नाही, आणि लोक जाऊन धडकतात. मग तिच्या चाकाएवढ्या उंचीवर झोपून चाललेली आपली पोरं कोणाला दिसणार? ट्रॅक्टरवाल्या दादाची चूक नसेल हो त्यात. त्याच्या बॉनेटपुढे आपण दिसतच नसू.

यावर टीममधलं उत्तर ठरलेलं : काठीला झेंडा लावू. लावा, जरूर लावा. पण झेंड्यामुळे आपण दुसऱ्याला दिसतो, आपल्याला काही जास्त दिसत नाही. उसाच्या वळणावर पलीकडून काय येतंय ते बघायला डोळाच वर लागतो. आणि रात्री झेंडाही दिसत नाही.

दुसरं उत्तर : ही तर स्पर्धेची गाडी आहे. बरोबर. एफिसायकलसारख्या स्पर्धा २०१० पासून होतात, आपल्याकडची मुलं महिनोन्महिने त्यासाठी राबतात, आणि त्या बंद ट्रॅकवर होतात. पण स्पर्धा दोन-चार दिवसांची. सरावाच्या फेऱ्या याच रस्त्यावर होतात. आणि स्पर्धा संपल्यावर एखादा फर्स्ट इयरचा मुलगा ‘दादा, एक राऊंड मारू का’ म्हणून बसतो. त्याच्याकडे लायसन्स नाही, लागतही नाही. सीटची उंची ठरवताना तो मीटिंगला नसतो. डिझाइन आपण करतो आणि जीव त्याचा लागतो, हे मला बरोबर वाटत नाही.

वेग वाढवण्याच्या नादात ब्रेकबद्दल कोणी बोलत नाही, हे तर विशेषच. २५ चे ३५ केले तर त्याच ब्रेकवर थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. आठ मीटर असेल तर सोळा. ब्रेक न सुधारता वेग वाढवणं याला मॉडिफिकेशन म्हणू नये.

हे सगळं करून गाडी सुधारता येते का? येते, आणि त्याचं उदाहरण फार लांब नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी साध्या सायकलरिक्षावर काम केलं. २००२ मध्ये त्यांनी ते ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. तीन गिअर, लांब चेन कमी केलेली, मागच्या चाकाला नीट ब्रेक, बरं सस्पेन्शन, हवेचा अडथळा कमी. दोन प्रवासी घेऊन ६ ते १० टक्क्यांच्या चढावर रिक्षावाल्याला खाली उतरून रिक्षा ओढावी लागत नव्हती. यादी पुन्हा वाचा. त्यात दिखाऊ असं एकही काम नाही. रिक्षा ओढणाऱ्या माणसाला काय लागतं, हे बघून ती केलेली आहे. राजवंशी सरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणून माझी यादी अशी. आधी ब्रेक. मग टायर, हवा, पुढच्या चाकांचं माप, चेनची पुली. मग पाठ थोडी कलती, आणि जमलं तर पुढच्या चाकांमधलं अंतर ८० चं ९५. आरसा, मडगार्ड, मागचा लाल दिवा जागेवर. प्रत्येक बदल एकेक करून करायचा, आणि दर वेळी तोच माणूस, तोच कॅम्पसमधला रस्ता, तेच स्टॉपवॉच. वर्कशॉपचे मामा म्हणतात तसं, आधी मोजा, मग कापा.

आणि सीट? तिच्या ब्रॅकेटला दोन ठिकाणी भोकं पाडू. बंद ट्रॅकसाठी खालची, रस्त्यासाठी वरची. गाडी गेटबाहेर काढायची असेल तर सीट वरच्या भोकात, हा नियम सिनियर असो की ज्युनियर, सगळ्यांना सारखा. स्टाफपैकी कोणी सर किंवा मॅडम यावर सही करणार असतील तर फारच बरं.

ताशी २७ किलोमीटर ऐकायला भारी वाटत नाही, मान्य. पण चालवणाऱ्याचे पाय तेच, ताकद तीच, आणि गाडी दोन किलोमीटर जास्त देते. इंजिनियरिंग म्हणजे हेच ना? बघा पटतंय का. नाही पटलं तर रविवारी सकाळी शेडमध्ये या. पण येताना टेप आणि पंप घेऊन या, वेल्डिंग मशीन नको!