पुराचा निरोप आणि सत्तर अक्षरे

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे गणित नदीकाठच्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हे पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. अशा काठावरच्या ग्रामपंचायतीने साऱ्या गावाला एकाच वेळी मोबाइलवर निरोप धाडणारी सेवा निवडायची, तर तो केवळ दरपत्रके ताडून पाहण्याचा कारकुनी व्यवहार उरत नाही.

पहिला मोह व्हॉट्सॲपचा होतो, कारण ते फुकट भासते. परंतु बटणांचा साधा फोन वापरणारी शेतमजूर स्त्री त्या समूहात नसते. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ माणसेच बसतात, आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यांना तो निरोप मिळतच नाही. शिवाय जून २०२३ मधील दंगलीच्या वेळी कोल्हापुरात शासनाने इंटरनेट बंद केले होते. एका आदेशाने जे साधन मुके होते, त्याच्यावरच गावाचा जीव टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

एसएमएस साध्या फोनवरही पोचतो. त्याचा दर मात्र भाषा पाहून ठरतो, ही गोष्ट दरपत्रकात ठळकपणे कोणी लिहीत नाही. रोमन लिपीतील १६० अक्षरांचा एक संदेश धरतात. देवनागरीत तीच मर्यादा ७० ची आहे, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सारे वेगळे मोजले जातात. वाचणाऱ्याला चार अक्षरी वाटणारी 'पंचगंगा' यंत्राच्या हिशेबी सात अक्षरांची होते. साहजिकच पैसे वाचवण्यासाठी इशारा रोमन लिपीत किंवा इंग्रजीत जातो, आणि ज्याने घर सोडायचे त्यालाच तो वाचता येत नाही. ही काटकसर नव्हे, जबाबदारी टाळणे होय. मराठी निरोपाचा वाढीव खर्च जिल्हा परिषदेने उचलावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच सेवेतून ध्वनिमुद्रित फोनही जावा.

दुसरी अडचण वेळेची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे संस्था, तिचे संदेशावर उमटणारे नाव आणि मजकुराचा साचा यांची आगाऊ नोंदणी लागते. मार्च २०२१ मध्ये ही छाननी कडक झाली, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ती आठवडाभर स्थगित करावी लागली. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे अशा मंजुरीसाठी थांबत नाहीत. पातळी, वेळ आणि स्थलांतराचे ठिकाण यांच्या जागा मोकळ्या ठेवलेला मराठी साचा उन्हाळ्यातच मंजूर करून घेतला पाहिजे.

याहून मोठा प्रश्न यादीचा आहे. साखर कारखान्याची किंवा सेवा संस्थेची तयार यादी हाताशी असते, पण ती सभासदांची, म्हणजे मुख्यतः जमीनधारकांची. भूमिहीन, भाडेकरू आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धा तिच्यात कोठून येणार? घरोघर फिरून नवी यादी करावी लागेल. तिची मालकी ग्रामपंचायतीकडेच राहील आणि तिचा जाहिरातीसाठी वापर होणार नाही, असे कंपनीकडून करारात लिहून घ्यावे लागेल. एक मेच्या ग्रामसभेत ही यादी वाडी-वस्तीनिहाय तपासली, तर कोणत्या घरात फोनच नाही हेही कळेल. त्या घरांसाठी माणूसच पाठवावा लागेल आणि तो कोण, हेही त्याच सभेत ठरवता येईल.