विश्लेषण : काउबॉय नेमबाजीत पहिला खर्च टोपीवर की बुटांवर? सिनेमातला वेश नेमका कुठे फसतो?

अमेरिकेत नेमबाजीचा एक खेळ असा आहे, की नेम कितीही अचूक असला तरी बेसबॉल कॅप आणि स्पोर्ट्स शूज घालून त्यात उतरता येत नाही. काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग हे त्याचं नाव. १९८०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात तो रुजला. ‘सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी’ ही संस्था त्याचे नियम ठरवते. दोन रिव्हॉल्वर, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन, तीही १९व्या शतकातल्या बनावटीची. समोर पोलादी लक्ष्यं आणि स्पर्धा घड्याळाशी. प्रत्येक खेळाडू एक टोपणनाव घेतो आणि ते दुसऱ्या कुणालाही मिळत नाही. अंगावर त्या काळाचा वेश मात्र हवाच.

नवखा माणूस खरेदीला निघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सिनेमा असतो. मोठी घडीदार टोपी, टोकदार नक्षीचे बूट, टिचकी बटणांचा शर्ट, गळ्यात दोरीचा टाय. यातलं बहुतेक सगळं २०व्या शतकातलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे : नट व्हायचं की त्या काळातला मजूर, हे आधी ठरवा. मजूर व्हाल तर पैसे वाचतील, इतिहासाशी प्रामाणिक राहाल आणि हातात बंदूक असताना पाय घसरण्याची शक्यताही कमी होईल.

खरा काउबॉय काय घालायचा?

काउबॉय म्हणजे गुरं हाकणारा पगारी नोकर. हे काम आणि त्याची साधनं मेक्सिकोतल्या ‘वाकेरो’ गुराख्यांकडून आली. मांड्यांवर बांधायची कातडी ‘चॅप्स’ आणि फासाचा दोर, दोन्हींची नावं मूळची स्पॅनिश. इतिहासकारांच्या अंदाजानुसार चारांतला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता. पडद्यावर ही माणसं फारशी दिसली नाहीत. त्यामुळे सिनेमाचा वेश उचलला की ही गाळणीही आपण न कळत सोबत उचलतो.

या माणसांची पँट अनेकदा लोकरीची असे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना तांब्याच्या रिव्हेट्सचं पेटंट मिळालं २० मे १८७३ रोजी. पण ती पँट आधी खाणकामगार आणि इतर कष्टकऱ्यांची होती. तिला पट्ट्याचे लूप नव्हते. कंपनीने ते १९२२ साली दिले. त्याआधी पँट पेलायची ती खांद्यावरच्या गॅलिसने किंवा मागच्या बकलने. चेनची जीन्स तर आणखी पुढची. म्हणून माझा सल्ला असा, की महागडी ‘वेस्टर्न’ जीन्स घेऊ नका. जुन्या कपड्यांच्या दुकानातून उंच कमरेची साधी सुती किंवा लोकरी पँट घ्या, लूप उसवा, गॅलिससाठी सहा बटणं शिवून घ्या. तासाभराचं काम आहे.

शर्ट त्याहून सोपा. तेव्हाचे बरेचसे शर्ट आपल्या झब्ब्यासारखे डोक्यातून घालायचे, अर्ध्या छातीपर्यंतच बटणं असलेले, ढगळ असत. मोत्यासारख्या टिचकी बटणांचा शर्ट डेन्व्हरच्या ‘रॉकमाउंट’ने लोकप्रिय केला, ही कंपनीच १९४६ची. पुरुषांना आखूड बाह्यांना सर्वसाधारण गटात मनाई आहे. मला हा नियम केवळ हौसेचा वाटत नाही. पोलादावर आदळलेल्या शिशाचे कण उडतात, तेव्हा लांब बाही कामाला येते. जाकिटाला खिसे असतात, कारण घोड्यावर बसलेल्या माणसाचा हात पँटच्या खिशात जात नाही.

एक वळसा डोंगरीचा

इथे मुंबईकराने जरा थांबावं. जाड सुती कामकरी कपड्यासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या डोंगरीवरून गेला. तिथे विकलं जाणारं स्वस्त, जाडंभरडं कापड १७व्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. काउबॉयच्या गळ्यातला ‘बँडाना’ही आपल्या बांधणीच्याच कुळातला, त्यावरचे ठिपके ही त्याची खूण. पश्चिमेच्या त्या रांगड्या माणसाच्या वेशात दोन शब्द आपल्याकडचे आहेत, हे मला कुठल्याही घडीदार टोपीपेक्षा जास्त भावतं.

टोपीचा मोह का आवरावा?

जॉन स्टेटसनची ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ १८६५ची. सपाट कड, गोल माथा, घडी नाही. घड्या वापरणाऱ्याने पुढे आपापल्या हाताने पाडल्या. जुन्या छायाचित्रांत तर कितीतरी जण गोल बोलर हॅट घातलेले दिसतात. तेव्हा साधी, बिनघडीची फेल्ट टोपी घ्या; ती चुकत नाही. तिचा उपयोगही आहे : १८७३च्या विंचेस्टर धाटणीच्या रायफलमधून रिकामं काडतूस सरळ वर उडतं आणि गरम असतं. ते कॉलरमध्ये पडलं की माणूस दचकतो आणि दचकलेल्या माणसाच्या हातात बंदूक असते. रुंद कड आणि गळ्याभोवतीचा रुमाल यासाठीही हवा.

बुटांवर एवढा भर का?

कारण या खेळात शस्त्र हातातून पडलं तर शिक्षा कडक आहे. रिकामं शस्त्र पडलं तर ती फेरी गेली. भरलेलं पडलं तर अख्ख्या स्पर्धेतून बाद. खेळाडू एका जागेवरून दुसरीकडे भराभर जातो, खाली खडी, ओलं गवत किंवा लाकडी फळ्या. अशा वेळी गुळगुळीत चामड्याचा तळवा आणि उंच, आत झुकलेली टाच म्हणजे अपघाताला आमंत्रणच. ती टाच रिकिबीत पाय अडकून पुढे जाऊ नये म्हणून होती. काउबॉयचे बूट बसण्यासाठी होते, चालण्यासाठी नव्हते. आणि या खेळात घोडा नसतो. दिवसभर उभं राहायचं आणि चालायचं असतं.

टोकदार पुढचा भागही उशिरा आला. १८७०-८०च्या दशकांतल्या बुटांची टोकं चौकोनी किंवा गोलसर असत. मी स्वतः निवड केली तर उंच बूट सोडून घोट्यापर्यंतचे, नाडीचे ब्रोगन घेईन. यादवी युद्धातल्या सैनिकांनी तसलेच घातले, शेतकऱ्यांनी आणि मजुरांनीही. टाच बसकी, पकड बरी आणि काळालाही धरून.

उंच बूटच हवे असतील तर संध्याकाळच्या सुमारास, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहा. नाडी नसल्यामुळे बूट पायाच्या वरच्या कमानीवर धरला जातो; तिथे घट्ट हवा. नव्या बुटात टाच किंचित वर सरकते, ते चालतं. बोटं दाबली जाणं चालत नाही. नवा तळवा खरखरीत पॉलिश पेपरने घासा किंवा चांभाराकडून पातळ, सपाट रबर लावून घ्या. खोल खाचांच्या ट्रेकिंग तळव्याला मात्र ‘क्लासिक काउबॉय’सारख्या काही गटांत मनाई आहे. ते बरोबरच, तसे तळवे इटलीत विताले ब्रामानीने आणले तेच १९३७ साली.

ज्यांना सिनेमाच आवडतो त्यांच्यासाठी ‘बी-वेस्टर्न’ नावाचा वेगळा गट आहे. तिथे नक्षीचे बूट मिरवा, कुणी हरकत घेणार नाही. माझी हरकत त्याच वेशाला ‘अस्सल’ म्हणण्याला आहे. स्त्रियांना काळाला धरून लांब घागऱ्याचा वेश करता येतो, पण घेर पायात येणार नाही एवढा आखूड हवा.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी खरेदीआधी एक गोष्ट तपासावी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथला संघीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. त्यामुळे आयोजकांच्या भरवशावर न राहता वकिलाला विचारा. बघायला जायचं असेल तर बूट, टोपी काही लागत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण मात्र प्रेक्षकांनाही लागतं.