काटामारी

यंदा मी वारीला गेलो होतो. पूर्ण वारी नाही हो, तेवढी रजाही नाही आणि तेवढी भक्तीही नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते, तेवढाच टप्पा. तीन दिवस, पन्नासेक किलोमीटर. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण पाहिलं, भवानीनगरच्या कारखान्याची चिमणी लांबून दिसली, बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावताना अंगावर काटा आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये टाळांचा आवाज आणि पायाला फोड.

आता खरं सांगतो. विठ्ठलाची ओढ होतीच, पण पोटात (अक्षरशः पोटात) दुसराच हेतू होता. गेले आठ महिने मी वजन कमी करतोय. रात्रीचा भात बंद, चार वाजताचा सामोसा बंद, सकाळी जिम, दिवसाला दहा हजार पावलं आणि या सगळ्याची एक्सेल शीट. पहिल्या तीन महिन्यांत साडेचार किलो उतरलं, मी खूश. मग काटा ८४ वर जो जाऊन बसला तो बसलाच. खाणं अजून कमी केलं, चालणं वाढवलं. काटा ढिम्म! म्हटलं, आता वारीच याला हटवेल. निघण्याआधी हिशोबही मांडला होता. किलोमीटरला साधारण साठ कॅलरी, म्हणजे तीन दिवसांच्या तीन हजार. ७७०० कॅलरी म्हणजे एक किलो चरबी. चारशे ग्रॅम तरी कुठे गेले नाहीत.

परत येऊन काट्यावर उभा राहिलो. ८५.३.

हसा, हसा. ऑफिसातही सगळे हसले. "वारीला गेला होतास की राजगिऱ्याच्या लाडवांना?" लाडू खाल्ले हे खरंय. दर शंभर पावलांवर कुणीतरी "माऊली" म्हणून हातात केळं नाहीतर चहा ठेवतं, नाही कसं म्हणणार? पण तीन दिवसांत सव्वा किलो चरबी चढायला रोजच्या गरजेवर तीनेक हजार जास्तीच्या कॅलरी खाव्या लागतात. तेवढे लाडू मी खाल्ले नव्हते. सवय नसलेले स्नायू दुखावले की पाणी धरून ठेवतात, पिठल्या-चटणीतलं मीठही पाणी धरतं. बहुतेक पाणीच होतं ते. आठवड्याभरात काटा पुन्हा ८४ वर आला. खाली मात्र गेला नाही.

असो. माझं वजन हा आजचा विषय नाही. आजचा विषय माझी आत्या आहे.

निमगाव केतकीच्या अलीकडे आत्याची वस्ती आहे. वाटेत एक रात्र तिच्याकडेच राहिलो. वय पासष्ट. दोन एकर ऊस, थोडं डाळिंब, दोन म्हशी. पहाटे शेणघाण आणि धारा, मग खुरपणी, वैरण, रात्री लाईट असेल त्या वेळी उसाला पाणी. एवढं करून वजन ७८ किलो, उंची पाच फूट. आठ वर्षांपासून शुगर आहे. (गावाकडे डायबेटिस होत नाही, "शुगर" होते.) रोजची गोळी ग्लिमेपिराइड.

दीड वर्षापूर्वी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वजन कमी करा. भाकरी निम्मी करा आणि रोज तासभर चाला."

आत्या मला म्हणाली, "आरं, दिस उगवल्यापास्नं रानातच असते की मी. आता आणिक कुठं चालू?"

पण डॉक्टरांचा शब्द. तिने रात्रीची भाकरी बंद केली आणि संध्याकाळी कॅनॉलच्या कडेने चालायला लागली. गोळी तेवढीच. चार महिन्यांत वजन एक किलोनेही हललं नाही. पुढच्या वेळी डॉक्टर काट्याकडे बघून हसत म्हणाले, "मावशी, चोरून खाताय तुम्ही."

हे वाक्य तिने घरात कुणाला सांगितलं नाही. तिला लाज वाटली. चोरी न करता चोर ठरल्यावर माणूस जे करतं तेच तिने केलं, सकाळची न्याहारीही सोडली. आणि एका सकाळी उसाला पाणी देताना तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, ती बांधावरच बसली ती आडवी झाली. शेजारच्या रानातल्या बाईने ओळखलं, कारण तिच्या सासऱ्यालाही शुगर होती. धावत घरात जाऊन तिने साखरेचं पाणी करून आणलं. आत्या अर्धवट शुद्धीत होती, गिळू शकत होती, म्हणून निभावलं. ती साखर कारखान्याने सभासदांना दिलेली, दिवाळीची उरलेली. इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत साखरेचं पाणी पोटात जाऊनही शुगर ५२ होती. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, गोळी घेऊन उपाशी होता का?"

हा प्रश्न आधी चार महिने कुणीच विचारला नव्हता.

ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही हे गोळीला कळत नाही. म्हणून ही गोळी चालू ठेवून जेवण सोडणं धोक्याचं. आणि दुसरी गोष्ट, या गटातल्या गोळ्यांनी आणि इन्शुलिनने वजन वाढतं. हे काही नवं संशोधन नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले, त्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा इन्शुलिनवाल्यांचं वजन सरासरी चार किलोने आणि याच गटातल्या ग्लिबेनक्लामाइडवाल्यांचं सुमारे पावणेदोन किलोने जास्त वाढलं होतं. गोळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी शुगर आटोक्यात राहते. पण वजन वाढवणारी गोळी आपणच लिहून द्यायची आणि वजन उतरलं नाही की "चोरून खाताय" म्हणायचं, याला काय म्हणावं?

त्या रात्री अंगणात बसून मी आतेभावाला माझी एक्सेल शीट समजावत होतो. तो म्हणाला, "तुझ्या काट्याचं काय खरंय? आम्ही तर उसाची ट्रॉलीसुद्धा जमलं तर आधी बाहेरच्या काट्यावर घालतो." ऊसपट्ट्यात 'काटामारी' हा शब्द पोराटोरांनाही माहीत असतो. काट्याने दाखवलं म्हणजे खरंच, असं शेतकरी मानत नाही. कोणता काटा, कुणाचा, आणि त्यातून कुणाचा फायदा, हे तो आधी विचारतो. आणि आपण शिकलेसवरलेले लोक? बाथरूममधल्या बाराशे रुपयांच्या काट्यावर रोज सकाळी उभे राहून स्वतःच्या चारित्र्याचा दाखला घेतो. काटा खाली गेला तर मी निग्रही, नाही गेला तर आळशी आणि चोर.

माझं भांडण "कमी खा, जास्त हाल" या सल्ल्याशी नाही. तो सल्ला देऊन झाला की आकडा न हलल्याचा सगळा दोष माणसावर टाकायचा, याच्याशी आहे. आता माझे मुद्दे.

एक. ७७०० चा हिशोबच इतका सरळ नाही. तो आकडा मॅक्स विशनोफ्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या १९५८ च्या लेखातून जगभर गेला. चरबीतल्या ऊर्जेचा अंदाज म्हणून ठीक आहे. पण आपण तो असा वापरतो की जणू एक्सेलमधले 'खाल्लं' आणि 'जाळलं' हे दोन कॉलम एकमेकांशी बोलतच नाहीत. अहो, ते सतत बोलतात! एसी २४ वर लावून खिडकी उघडली तर खोली बाहेरच्याइतकी तापत नाही, कॉम्प्रेसर जास्त चालतो. शरीरात तसंच आहे. खाणं कमी केलं की भूक वाढते आणि खर्च कमी होतो. ऊर्जेचा नियम कुठेही मोडत नाही, आपली शीट तेवढी चुकते.

दोन. व्यायामाचंही तेच. टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास २०१२ साली हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी छापला. ही माणसं शिकार आणि कंदमुळांसाठी दिवसभर हिंडतात. शरीराच्या आकाराचा हिशोब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च आपल्यासारख्या खुर्चीतल्या माणसांइतकाच निघाला. म्हणजे चालण्याने कॅलरी जळत नाहीत असं नाही, पण शरीर त्यातल्या काही दुसरीकडे वाचवून घेतं. "दिसभर रानातच असते की मी" हे आत्याचं वाक्य आठवा.

तीन. यशस्वी लोकांचं पुढे काय होतं? अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा टीव्ही शो होता, वजन उतरवायची स्पर्धा. त्यातल्या चौदा जणांची केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली (२०१६). सरासरी ५८ किलो उतरवलं होतं, त्यातलं सुमारे ४१ परत आलं होतं. आणि नुसतं बसून असतानाचा त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच होता, सहा वर्षांनंतरही! टीव्हीवर जगासमोर घाम गाळणाऱ्या या माणसांना कुणी निग्रह शिकवायचा?

चार. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला सारखाच होता. ६८ आठवड्यांनी खऱ्या इंजेक्शनवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, खोट्या इंजेक्शनवाल्यांचं २.४ टक्के. इंजेक्शनने कुणाचं चारित्र्य सुधारलं का? भुकेचा सिग्नल बदलला, बस्स. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. २०२५ पासून वजनासाठीची अशी इंजेक्शनं भारतातही रीतसर मिळतात. मी त्यांची जाहिरात करत नाहीये, त्यांचे त्रासही आहेत. पण "मनावर घेतलं की होतं" या वाक्याची हवा त्यांनी काढली एवढं नक्की.

आपल्या धंद्यात एखादा फिक्स दहातल्या आठ युजरकडे चालला नाही तर आपण काय म्हणतो? युजर चोर आहे? (बरं, म्हणतो. पण निदान लॉग तरी बघतो.)

आता तुमचा प्रश्न ऐकू येतोय. मग काय सगळं सोडून सामोसे खायचे?

नाही! आणि इथे पुन्हा उसाकडे येतो. उसाचा भाव नुसत्या टनावर ठरत नाही, उताऱ्यावरही ठरतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. टन तेवढेच, उतारा वेगळा. बारीक दिसणाऱ्या, काट्यावर पास होणाऱ्या आणि तिशीतच शुगर निघणाऱ्या आपल्या टीममेटला काटा काहीच सांगत नाही. मला तो नापास करतो आणि त्याला पास करतो, दोन्ही अर्धवट.

उलट बाजूने चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा अभ्यास पाहा (२००६). डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे पाचशेहून अधिक भारतीय घेतले, त्यातल्या एका गटाला चालणं आणि आहारबदल दिला. अडीच वर्षांत त्या गटात डायबेटिसचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि वजन? सरासरी वजन जवळपास हललंच नाही! म्हणजे काटा "वाया गेलं" म्हणत होता तेव्हा चालणं आपलं काम करत होतं. काट्यावर विश्वास ठेवून त्या लोकांनी चालणं सोडलं असतं तर? आपण दरवर्षी नेमकं तेच करतो. जानेवारीत जिम, मार्चमध्ये काटा अडकतो, एप्रिलमध्ये जिम बंद. कारण आपल्याला सांगितलं गेलंय की चालायचं ते किलोसाठी.

म्हणून मी शीटमधून वजनाचा कॉलम उडवलाय. आता कंबर (पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा), रक्तदाब, तीन महिन्यांची शुगर आणि किती जिने न थांबता चढतो, एवढंच लिहितो. भात अजूनही कमीच आहे. चालणंही चालू आहे. पुढच्या आषाढात पुन्हा बारामती ते इंदापूर, आणि लाडवांना नाही म्हणणार नाही.

आत्याची गोळी इंदापूरच्या डॉक्टरांनी बदलली. ती आता दोन्ही वेळा जेवते, शुगर आधीपेक्षा बरी आहे. वजन ७७. कॅनॉलवर अजून जाते, पण आता शेजारणीबरोबर, गप्पा मारत. जुन्या डॉक्टरांकडे मात्र जात नाही. का, विचारलं तर म्हणाली, "वजनाचं सोड रं. चोर म्हनले मला."

आज गावाकडे फोन कराच. आईचं, आत्याचं, मामीचं वजन विचारू नका. शुगरची कुठली गोळी आहे आणि ती घेऊन जेवते का, ते विचारा. खाणं कमी केलं असेल तर गोळीचं काय करायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. आणि डॉक्टर "चोरून खाताय" म्हणाले, तर पुढच्या वेळी तुम्ही सोबत जा.