पक्के घर म्हणजे कोणते?



उसाचे बिल हाती आले की आपल्याकडे दोन खर्च ठरलेले. एक मुलीचे लग्न आणि दुसरा घराचे बांधकाम. लग्नाबद्दल पुन्हा केव्हातरी लिहू, आज घराबद्दल बोलायचे आहे.

जुने मातीचे घर पाडून स्लॅब टाकला म्हणजे माणूस वर आला, असे आपण धरून चाललो आहोत. स्लॅबला आमचा विरोध नाही. पण मातीचे ते कच्चे आणि सिमेंटचे तेवढे पक्के, ही समजूत एकदा तपासून पाहायला हवी.

त्यासाठी जरा जव्हार-मोखाड्याकडे बघा. त्र्यंबकेश्वरहून पश्चिमेला गेले की मोखाडा आणि त्यापुढे जव्हार. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांची. पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर. एवढ्या पावसात तिथे पिढ्यान् पिढ्या उभे राहिले ते कुडाचे घर. लाकडी मेढी रोवायच्या, मधे कारवीच्या काठ्यांचा कुड बांधायचा, त्यावर दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपायचे. छपराची वळचण चांगली खाली ओढायची, म्हणजे पावसाचा मारा भिंतीला लागत नाही. कुठे पोपडा निघाला तर घरची बाई लिंपून मोकळी; ना गवंडी, ना उधारी. गेरूने सारवलेल्या अशाच भिंतींवर वारली चित्रकला वाढली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली याच कलेसाठी पद्मश्री मिळाली.

आता याची दुसरी बाजू पाहा. दिवाळी झाली की याच भागातली कुटुंबे पोटासाठी भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्यांना माती न भाजता घर उभे करता येते, त्यांनी बायकामुलांसह उन्हात बसून दुसऱ्यांच्या घरांसाठी माती थापायची आणि भाजायची! अन् ती माती येते कुठून? शेतकऱ्याच्याच रानातून. वीतभर सुपीक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, तो विकायला एक दिवस पुरतो. मग टनेज घटले की आपण खताला नावे ठेवतो.

कोणी म्हणेल, अहो, मातीच्या घराला वाळवी लागते, उंदीर लागतात, आणि किल्लारी विसरलात काय? विसरलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसे गेली. पण घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या धाब्याच्या ओझ्याने. कुडाची भिंत हलकी असते, ती अशी अंगावर ढासळत नाही. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. बाकी वाळवी आणि ओल यांना इलाज आहे. दगडी जोते उंच घ्यावे, पाण्याला वाट द्यावी, वळचण मोठी ठेवावी. पायात दगड आणि डोक्यावर छत्री असली की मातीला मरण नाही.

आपल्या काळ्या रानाची माती मात्र भिंतीला चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. त्यासाठी मुरमाड, तांबडी माती हवी, तीही वरचा सुपीक थर बाजूला ठेवून खालून काढलेली. अशा मातीत शेकडा ५ ते ८ सिमेंट मिसळून हातयंत्रावर दाबलेली वीट निघते. तिला भट्टी लागत नाही. तीन-चार आठवडे ओल राखली की झाले. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये अशा विटांची मजली घरे कित्येक वर्षे उभी आहेत. आणि चुन्याच्या कामात गूळ घालण्याची रीत तर आपल्या जुन्या गवंड्यांचीच. म्हणजे ऊसवाल्याचा घराच्या भिंतीशी संबंध आजचा नव्हे!

सरकारी घरकुल योजनेतही स्थानिक साहित्याला वाव आहे. तरी घरकुल म्हटले की वीट आणि सिमेंटच, हे डोक्यातून जात नाही. ते काढायचे तर डोळ्यांसमोर नमुना हवा. म्हणून आमची सूचना अशी. आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या हंगामभर पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कोप्यांत दिवस काढतात. त्यांच्यासाठी कारखान्याने एक ओळ मातीच्या खोल्यांची बांधावी. जोते दगडाचे, भिंती दाबलेल्या विटांच्या, दोन खोल्या कुडाच्या. त्या कामावर जव्हार-मोखाड्यातील जाणत्यांना बोलवावे, मजूर म्हणून नव्हे, उस्ताद म्हणून आणि उस्तादाच्या रोजाने. खर्चाचा हिशोब वार्षिक सभेपुढे ठेवावा. खोल्यांना दोन पावसाळे काढू द्यावेत, मग सभासदांनी स्वतः जाऊन बघावे आणि काय ते ठरवावे.

उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पावसात कोरडे आणि कर्जावाचून दुरुस्त होणारे, तेच आमच्या लेखी पक्के घर. ते कशाचे बांधले, हा नंतरचा प्रश्न. पुढच्या बिलाचे पैसे सिमेंटच्या दुकानात जाण्याआधी एवढा विचार घरात बसून, घरच्या बायकांना विचारून अवश्य करावा, ही विनंती.