जिनसेंग : पोटात किती, रक्तात किती?

ताकद यावी म्हणून जिनसेंगच्या कॅप्सूल घेणारे बरेच रुग्ण भेटतात. ‘महाग आहे, म्हणजे गुणकारी असणारच,’ असा त्यांचा हिशेब असतो. पण गिळलेले सगळेच अंगी लागते असे नाही.

कोरिया-चीनमधील या मुळीतील मुख्य द्रव्यांना जिनसेनोसाइड म्हणतात. त्यांना साखरेचे रेणू जोडलेले असल्याने लहान आतड्यातून त्यांचा फारच थोडा अंश रक्तात जातो. उरलेली द्रव्ये मोठ्या आतड्यात पोचतात. तेथील जिवाणू ही साखर एकेक करून तोडतात, तेव्हा कुठे ‘कंपाउंड के’सारखे शोषले जाणारे द्रव्य तयार होते. हे जिवाणू सर्वांच्या पोटात सारखे नसतात. आहाराने, अँटिबायोटिक्सनेही ते बदलतात. म्हणून तीच कॅप्सूल घेऊनही तुमच्या आणि शेजाऱ्याच्या रक्तात उतरणारे प्रमाण वेगळे असते. डबीवरच्या मिलिग्रॅमवरून ते कळत नाही.

‘गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?’ असे कोणी म्हणेल. तसेही नाही. २००४ साली अमेरिकेत २० निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात अमेरिकन जिनसेंगमुळे वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम कमी झालेला आढळला. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाच्या हे जिवावर बेतू शकते. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचीही शक्यता असते.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. अशक्तपणा वाटत असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. जिनसेंग घेतच असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.